नवीन बॅटरी टाकली तरी महिन्याभरात परत सेल्फ लागत नाही? पैसे घालवायच्या आधी हे तपासा

बाईक किंवा स्कूटरची बॅटरी वर्षाच्या आत दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली असेल तर फॉल्ट बहुतेक वेळा बॅटरीत नसतो, दुसरीकडे कुठेतरी असतो आणि बॅटरी त्याची किंमत भरत असते. सोसायटीतल्या, ऑफिसातल्या, नात्यातल्या गाड्यांवर हाच प्रॉब्लेम मी इतक्यांदा काढलाय की आता समोरच्याने दोन वाक्यं बोलली तरी कुठे हात घालायचा ते कळतं. गॅरेजमध्ये नेली की "बॅटरी बसली, नवीन टाका", आणि नवीन टाकली की गाडी पहिल्या झटक्यात चालू होणारच कारण दुकानातून आलेली बॅटरी भरलेली असते, मग तीन-चार आठवडे निवांत जातात आणि एका सकाळी ऑफिसला निघताना परत तेच, सेल्फ दाबला की कट-कट-कट. मग सांगतात बॅटरी खराब लॉटमधली होती, किंवा तुमचं रनिंगच कमी आहे. या सगळ्यात व्होल्ट मोजायचा मीटर लावून कोणी बघितलेलंच नसतं, आणि मला राग येतो तो याचा, कारण बघायला दहा मिनिटं लागतात आणि पैसे शून्य. ज्याचं पोट गाडीवर आहे, डिलिव्हरीवाला म्हणा, दूधवाला म्हणा, त्याचे हजार-बाराशे रुपये आणि एक दिवसाचा धंदा यात उगाच जातो.

हे सगळं पेट्रोलच्या, १२ व्होल्टच्या दुचाकीसाठी आहे. इलेक्ट्रिक स्कूटरला यातलं काहीही करू नका, तिची मोठी बॅटरी हा वेगळा आणि जीवघेणा विषय आहे.

लक्षणं आधी नीट बघा

नुसतं "चालू होत नाही" म्हणून भागत नाही, कशी चालू होत नाही ते महत्त्वाचं.

सेल्फ दाबल्यावर कट-कट आवाज येतो आणि मीटर कन्सोलची लाइट मंद होते किंवा घड्याळ परत शून्यावर जातं, म्हणजे बॅटरीत दम नाही किंवा तिच्यापासून पुढे करंट नीट जात नाही. एकच "टक" आवाज येतो, कन्सोल अजिबात मंद होत नाही आणि इंजिन फिरत नाही, तर बॅटरी ठीक असायची शक्यता जास्त, रिले (मोटरकडे करंट सोडणारा स्विच) किंवा सेल्फ मोटर बघा. काहीच आवाज नाही, पण हॉर्न कडक वाजतोय, तर स्विचकडे चला. हॉर्न घोगरा, इंडिकेटर रडतखडत लुकलुकतोय आणि इंजिन चालू करून रेस दिली की सगळं टवटवीत होतं, तर चार्जिंग थोडंफार होतंय पण बॅटरी धरत नाही किंवा कुठेतरी करंट गळतोय. संध्याकाळी ठणठणीत आणि सकाळी मेलेली, हे गळतीचं लक्षण. बल्ब वारंवार उडतात आणि बॅटरीच्या बाजू फुगल्यात, तर उलटा प्रॉब्लेम आहे, चार्जिंग जास्त होतंय.

बीएस-६ गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, बहुतेकांना फ्युएल इंजेक्शन असतं. चावी फिरवल्यावर पेट्रोलच्या टाकीतला पंप दोन-तीन सेकंद "झींऽऽ" करतो, तो आवाज येत नसेल किंवा मरतुकडा येत असेल तर बॅटरी पार खाली गेलेली असू शकते. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या किकवर निघायच्या आणि बॅटरीचं दुखणं वर्षभर कळायचंच नाही, आता बऱ्याच बाईकना किकच नाही, आणि स्कूटरला तर धक्का मारूनही उपयोग नाही कारण बेल्ट-क्लचची रचनाच तशी आहे, चाकाकडून इंजिन फिरतच नाही.

एक गोष्ट लक्षण समजू नका. जुन्या स्कूटर आणि छोट्या बाईकमध्ये हेडलाइट थेट मॅग्नेट कॉईलवर (इंजिन फिरताना वीज बनवणारी कॉईल) चालते, बॅटरीवर नाही, त्यामुळे रेस सोडली की मंद आणि दिली की लख्ख, हे त्या गाड्यांत नॉर्मल आहे. यावरून बॅटरी गेली असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट मात्र बॅटरीवर असतात, अंदाज त्यांच्यावरून घ्यायचा.

फुकटातल्या तपासण्या

सेल्फ लागायला आधी कुठली ना कुठली अट पूर्ण व्हावी लागते. स्कूटरला ब्रेक दाबलेला लागतो, बाईकला न्यूट्रल किंवा क्लच, बऱ्याच नव्या गाड्यांना साइड स्टँड वर लागतो, आणि हँडलवरचा लाल किल स्विच. सगळ्यांना माहीत असतं तरी हे पहिलं बघा, कारण स्टँडचा सेन्सर चिखलाने माखला की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो. पाणी मारून, फडक्याने पुसून स्टँड चार-पाचदा वर-खाली करा. स्कूटरला डावा ब्रेक दाबून सेल्फ लागला नाही तर उजवा दाबून बघा, एकाने लागला आणि दुसऱ्याने नाही तर ब्रेक लिव्हरखालचा छोटा स्विच गेलाय, तो अगदी स्वस्तात मिळतो.

आता त्याच ब्रेकचं दुसरं काम. चावी ऑन करा, ब्रेकला हात लावू नका आणि मागे जाऊन बघा लाल दिवा पेटलेला आहे का. ही तपासणी लोक करतच नाहीत. ब्रेकचा स्विच अडकला किंवा केबल जास्त ताणून ॲडजस्ट केली की ब्रेक लाइट अख्खा वेळ पेटलेली राहते, मागचा साधा ब्रेक बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर सतत. ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असताना छोट्या स्कूटरची कॉईल मुळात थोडंच बनवते, ते सगळं हा बल्ब खाऊन टाकतो आणि वर बॅटरीतूनही ओढतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंच्या स्कूटरला यापायी दोन बॅटऱ्या लागल्या, आणि शेवटी काम निघालं ते ब्रेक केबलचा नट दोन आटे सैल करण्याचं.

मग फ्यूज. सीटखाली किंवा साइड पॅनलमागे बॅटरीजवळ छोटी डबी असते, त्यातला फ्यूज काढून उजेडात धरा, आतली पट्टी तुटलेली असली तर त्याच आकड्याचा नवीन टाका, १० ला १०, १५ ला १५. तोही लगेच उडाला तर तिथेच थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कधीही घालू नका, तो फ्यूज वायरिंगला आग लागू नये म्हणून आहे आणि त्या वायरिंगच्या अगदी शेजारी पेट्रोलची टाकी आहे.

टर्मिनल आणि अर्थ, अर्धी दुखणी इथेच संपतात

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट पावडर दिसते, ती दिसली नाही तरी नट सैल असू शकतो. सेल्फ मोटर फिरताना एक-दोन सेकंद कित्येक अँपिअर ओढते, एवढा करंट जायला धातूला धातू घट्ट भिडलेला लागतो. हॉर्न आणि इंडिकेटर थोड्यात भागवतात म्हणून ते चालतात आणि सेल्फ नेमका मरतो, मग लोकांना वाटतं हॉर्न वाजतोय म्हणजे कनेक्शन बरोबर आहे. तसं नसतं.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. चावी बंद. आधी मायनस काढायचा, मग प्लस. बसवताना आधी प्लस, शेवटी मायनस. हा क्रम पाठ करा, कारण गाडीची अख्खी चॅसी मायनसला जोडलेली असते आणि मायनस लावलेला असताना प्लसच्या नटवरचा पाना चॅसीला टेकला की थेट शॉर्ट, ठिणग्या उडतात आणि पाना चिकटूनही बसतो. मायनस आधी सुटला असेल तर पाना चॅसीला टेकला तरी काही होत नाही.

पावडर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने साफ करायची, फेस येईल, तो ॲसिड मरतंय म्हणून येतो. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून घ्या, टर्मिनल आणि वायरची पट्टी पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, नट घट्ट करा (पण जोर लावून नाही, टर्मिनल शिशाचं असतं, पिळवटतं) आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. व्हॅसलीन वरून लावायचं, मध्ये नाही.

बॅटरीच्या मायनसची जाड काळी वायर, म्हणजे अर्थ, जिथे चॅसीला किंवा इंजिनला बोल्टने लावलेली असते ती जागाही शोधा. पेंट, गंज, चिखल जे असेल ते घासून काढा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांना तर ही जागा मी सगळ्यात आधी बघतो, समुद्राच्या हवेने तिथला बोल्ट वरून बरा दिसतो आणि खाली गंजाचा पापुद्रा असतो. चिपळूणच्या एका नातेवाइकाची गाडी दर पावसाळ्यात हट्टाला पेटायची आणि दर वर्षी बॅटरी बदलून यायची, ती एवढ्यावर सुटली.

आता मीटर, आणि फक्त तीन आकडे

डिजिटल मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आणि आता तालुक्याच्या गावीही इलेक्ट्रिकच्या दुकानात असतो. भारी लागत नाही. काळी वायर "कॉम" लिहिलेल्या भोकात, लाल वायर "व्ही" लिहिलेल्या भोकात, आणि चकती डीसी २० व्होल्टवर. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावलीत तर तो थेट शॉर्ट होतो, वायर हातात वितळते, म्हणून लावायच्या आधी प्रत्येक वेळी भोक बघा.

पहिला आकडा, आरामातला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी न लावता, लाल प्लसला काळी मायनसला. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, सीलबंद चांगली बॅटरी थोडी अजून वर दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. लोकांना वाटतं १२ व्होल्टची बॅटरी १२ दाखवतेय म्हणजे बरोबर आहे! आत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा, म्हणून भरलेली १२.६ च्या वर दिसायलाच पाहिजे. गाडी आत्ता फिरवून आणली असेल तर हा आकडा घेऊ नका, चार्जिंगचा फुगवटा असतो, काही तास जाऊ द्या.

दुसरा आकडा, सेल्फ दाबताना. मीटर तसाच लावून दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ दाबायला सांगा आणि आकडा कुठपर्यंत पडतो ते बघा. साडेनऊ-दहाच्या वर राहिला आणि इंजिन फिरलं तर ठीक. आरामात १२.६ आणि सेल्फ दाबताक्षणी सात-आठ, तर बॅटरी आतून गेलीय, वरून भरलेली दिसते पण जोर देत नाही, बदलायला हरकत नाही. आरामात १२.६, दाबल्यावर १२.४, नुसता टक आवाज आणि इंजिन ढिम्म, म्हणजे बॅटरीकडून करंट मागितलाच जात नाहीये, फॉल्ट रिले, केबल किंवा मोटरमध्ये आहे आणि इथे नवीन बॅटरी टाकणं म्हणजे पैसे गटारात टाकणं.

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वेळा बघितला जाणारा. इंजिन चालू, हेडलाइट ऑन, रेस मध्यम, साधारण चार हजार आरपीएम, स्कूटरला कन्सोलवर आरपीएम नसतो तर स्टँडवर घेऊन मागचं चाक बऱ्यापैकी फिरेल एवढी, पण चाकाजवळ कोणी उभं राहू नका. आता बॅटरीवर साडेतेरा ते पावणेपंधराच्या मधे आकडा यायला पाहिजे, बऱ्याच गाड्या चौदाच्या आसपास दाखवतात. १२.३, १२.२ असा उलटा उतरतोय तर चार्जिंग होतच नाहीये आणि तुम्ही बॅटरी खात गाडी चालवताय. पंधराच्या वर जातोय तर आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, चार्जिंगवर ताबा ठेवणारा डबा) गेलं, ते जास्तीचा करंट अडवत नाहीये, नवी बॅटरी काही महिन्यांत फुगेल आणि बल्ब, कन्सोल, बीएस-६ गाडीत तर ईसीयूसुद्धा (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) धोक्यात.

हे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा, तारखेसकट.

आणि एक जुनी पद्धत आहे, इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, इंजिन बंद पडलं नाही तर चार्जिंग चांगलं. हे कोणालाही करू देऊ नका. बॅटरी व्होल्टेजचे झटके झेलत असते, ती काढली की ते झटके थेट बाकीच्या इलेक्ट्रॉनिक्सवर जातात.

तिसरा आकडा बरोबर आणि तरी सकाळी बॅटरी खाली: गळती शोधा

चावी बंद असतानाही काहीतरी करंट ओढतंय. बाहेरून काय काय लावलंय ते आठवा, मोबाइल चार्जर, जीपीएस ट्रॅकर, सायरनवालं लॉक, एलईडी फॉग लॅम्प. दुकानदार घाईत असतो, चावीनंतरची (चावी लावल्यावरच करंट येणारी) वायर शोधायला वेळ लागतो म्हणून थेट बॅटरीला जोडून मोकळा होतो. हिशोब करून बघा, एखादं यंत्र फक्त २० मिलिअँप खातंय, तर २४ तासांत ४८० मिलिअँप-अवर, आठवड्यात साडेतीन अँपिअर-अवरच्या आसपास, आणि स्कूटरच्या अख्ख्या बॅटरीची क्षमताच असते तीन ते पाचची. गणपतीला आठ दिवस गावी जाऊन आलात की गाडी मेलेली मिळते ती यामुळे. तिकडे दीडशे सीसीच्या जुन्या बाईकची आठ-नऊ अँपिअर-अवरची बॅटरी तेवढंच सहन करून जाते, म्हणून "माझ्या मित्राने पण हाच ट्रॅकर लावलाय, त्याला काही होत नाही" याला अर्थ नाही.

मोजायचं असं. चावी बंद, मायनसची वायर बॅटरीवरून काढा, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात आणि चकती तिथेच, मग एक टोक सुटलेल्या मायनस वायरला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. करंट आता मीटरमधून जातो. या जोडणीत चावी लावायची नाही आणि सेल्फ तर अजिबात दाबायचा नाही, मीटर जळेल. शून्यासारखं दिसलं तर मग मिलिअँपच्या भोकात आणि रेंजवर या. साध्या गाडीत एक-दोन मिलिअँप किंवा त्याहून कमी, घड्याळ, कन्सोल वगैरे असेल तर थोडं जास्त. दहा-वीसच्या पुढे गेलं की शोधाशोध करायची, बाहेरच्या एकेका वस्तूची वायर सोडायची आणि आकडा कधी खाली बसतो ते बघायचं. सगळं सोडूनही आकडा उतरला नाही तर आरआर युनिटचा कपलर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) काढून बघा, आतला डायोड लीक झाला की गाडी उभी असताना करंट उलटा कॉईलकडे जातो. मोजून झालं की लाल वायर लगेच व्ही च्या भोकात परत, नाहीतर पुढच्या वेळी मोजताना मीटर भाजेल.

उपाय सोपा असतो, ती वस्तू रिलेवरून चावीनंतर जोडून घ्या, आणि ट्रॅकर काढायचाच नसेल तर लांब जाताना मायनस सोडून ठेवा.

तिसरा आकडा कमी आला तर

आधी कपलर. आरआर युनिट म्हणजे ॲल्युमिनियमच्या पात्या असलेला डबा, त्याच्या आणि मॅग्नेटकडून येणाऱ्या वायरींच्या कपलरमध्ये बघा. प्लॅस्टिक तपकिरी, वितळलेलं, पिना हिरव्या, यातलं काही दिसलं तर फॉल्ट मिळाला. एखादी पिन सैल झाली की ती तापते, तापली की अजून सैल होते आणि शेवटी जळते. पाऊस, आणि त्याहून जास्त वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा पाइप, हे याचं कारण. धुताना सीटखाली आणि हेडलाइटच्या मागे प्रेशर मारू नका म्हणून स्पष्ट सांगा. हिरव्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रेने साफ होतात, डिझेलने पुसू नका, त्यावर धूळ चिकटते. जळलेला कपलर मात्र कापून नवीनच लावायचा, आणि वायरी नुसत्या पिळून टेप मारायची नाही, तो जोड पुढच्या पावसाळ्यात परत येतो. आणि हो, उंदीर. पार्किंगमधल्या गाडीची वायर कुरतडलेली निघणं ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट आहे, टॉर्च घेऊन हार्नेसवरून (वायरींच्या जुडग्यावरून) एकदा नजर फिरवाच.

कपलर चांगला असेल तर मॅग्नेट कॉईल. तुमच्या गाडीला कॉईलकडून तीन एकाच रंगाच्या, बहुतेक पिवळ्या, वायरी येत असतील तर तपासणी सोपी आहे. कपलर काढा, कॉईलकडच्या बाजूला मीटर ओहमवर लावून पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी असं मोजा, तिन्ही वेळा जवळजवळ सारखा आणि अगदी छोटा आकडा यायला पाहिजे. मग प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी, इथे काहीच कनेक्शन दिसायला नको, दिसलं तर कॉईल बॉडीला लागलीय, गेली. यानंतर चकती एसी २०० व्होल्टवर टाका, इंजिन चालू करा आणि रेस देऊन त्याच तीन जोड्या मोजा, रेसबरोबर आकडा चढला पाहिजे आणि तिन्ही सारखे हवेत. किती व्होल्ट ते गाडीप्रमाणे बदलतं, त्यात अडकू नका, बरोबरी बघा. हा करंट चांगलाच झटका देतो, उघड्या पिनांना हात नको. कॉईल ठीक, कपलर ठीक, आणि तरी बॅटरीवर चौदा येत नाही तर आरआर युनिट बदला, कंपनीचंच घ्या, दोन बोल्टचं काम आहे, घरी होतं.

दोन वायरींची कॉईल असलेल्या छोट्या स्कूटर-बाईकला वरचा बॉडीवाला नियम लावू नका, त्यातल्या बऱ्याच कॉईलचं एक टोक मुद्दाम बॉडीला जोडलेलं असतं. तिथे चांगली कॉईल गेलेली दाखवेल आणि उगाच खर्चात पडाल.

दुसऱ्या आकड्याने मोटरकडे बोट दाखवलं तर

स्टार्टर रिलेला दोन जाड बोल्ट असतात. मीटर डीसी २० व्होल्टवर, एक टोक या बोल्टला एक त्या, आणि सेल्फ दाबा. आधी १२ दाखवेल, दाबल्यावर शून्याच्या जवळ आला पाहिजे. टक आवाज येऊनही १२ च राहिला तर रिलेचे आतले पॉइंट जळलेत, रिले बदला. शून्य आला आणि मोटर गप्प, तर अजून एकदा अर्थ बघा, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूला, काळं बॅटरीच्या मायनसला, सेल्फ दाबताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. हेही ठीक असेल तर बहुतेक मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. रिलेच्या दोन बोल्टना स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवून मोटर फिरवायची पद्धत रस्त्यावर सर्रास दिसते, पण गिअरमध्ये राहिलेली बाईक तशीच पुढे उडी मारते आणि ठिणग्या पेट्रोलच्या शेजारी पडतात, ती करू नका.

बॅटरी खरंच बदलायची असेल तर

तीन-चार वर्षं झाली असतील तर तिचं आयुष्य झालं, वाईट वाटून घेऊ नका. नवीन घेताना बनवल्याचा महिना-वर्ष बघा आणि वॉरंटी कार्डावर शिक्का-तारीख तिथल्या तिथे घ्या. कोरडी येणारी बॅटरी असेल तर दुकानदार ॲसिड भरून लगेच बसवून देतो, तसं घेऊ नका. भरल्यावर अर्धा-एक तास मुरू द्यायची आणि मग क्षमतेच्या एक दशांश करंटने चार्ज करायची, ४ अँपिअर-अवरला ०.४ अँपिअर. ही पायरी गाळली की ती बॅटरी जन्मभर अर्धपोटीच राहते. कारच्या चार्जरवर लावून एका तासात भरून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी आणि जवळ विडी-काडी नाही. झाकणवाल्या जुन्या बॅटरीत पाणी घालायचं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही, घरच्या आरओचंही नाही. सीलबंद बॅटरी उघडायचीच नाही.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि ॲसिड आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि दुकानदारही ती घेऊन किमतीतून थोडे पैसे कमी करतो.

कधी हात काढायचा

जळका वास येतोय किंवा वायर गरम लागतेय तर मायनस सोडा आणि तिथेच थांबा. बॅटरी फुगलीय किंवा फुटलीय तरी थांबा, आणि ॲसिड अंगावर-डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवत राहा आणि डोळ्याला लागलं असेल तर थेट डॉक्टर. इंजेक्शनवाल्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा विझतच नसेल तर ते स्कॅनर लावून बघायचं काम आहे. मॅग्नेट कॉईल बदलायला इंजिनचं कव्हर उघडतं, मॅग्नेट ओढायला पुलर लागतो, गॅस्केट नवीन लागतं, कधीच केलं नसेल तर पहिल्यांदा घरी करू नका, हातोडी मारून मॅग्नेटला तडा जातो. ज्या स्कूटरला सेल्फची वेगळी मोटरच नाही, आवाज न करता इंजिन चालू होतं, तिथे मोटर आणि कॉईल एकच असते आणि ईसीयू ती चालवतो, तिच्या जाड वायरींवर वरच्या रिलेवाल्या तपासण्या करू नका. गाडी वॉरंटीत असेल तर टर्मिनल साफ करणं आणि तीन आकडे घेणं यापलीकडे काही उघडू नका, एक वायर कापलेली दिसली की क्लेम नाकारायला कारण मिळतं.

आणि जायचं तर साध्या मेकॅनिककडे नाही, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. "बॅटरी उतरते" एवढंच सांगू नका, "आरामात १२.५, सेल्फला १०.२, रेसवर १२.४, कपलर साफ केलेत" असं सांगा. बोलण्याची भाषाच बदलते, नवीन बॅटरीचा विषय निघत नाही. बदललेला पार्ट परत मागा, बिल घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी त्याच्याच दुकानासमोर गाडी चालू करून, हेडलाइट लावून, रेस देऊन बॅटरीवर मीटर लावा. चौदाच्या आसपास दिसला तर पैसे द्या, बारा-तेराच दिसत असेल तर चावी त्याच्याकडेच राहू द्या, काम अजून झालेलं नाही.